१० जुलै १९४४ ची खाकी : नाईक यशवंत घाडगे यांच्या पलटणीचा गणवेश शिवताना

माणगावकर (धागाकर्ता)

मंडळी, मदत हवी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी मूळचा माणगावकडचा, नोकरीमुळे पुण्यात असतो. इटलीत वरच्या टायबर खोऱ्यात १० जुलै १९४४ ला धारातीर्थी पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले नाईक (हा फौजेतला हुद्दा) यशवंत घाडगे आमच्या भागातले. माणगावात त्यांचा पुतळा आहे आणि लहानपणी एसटीची वाट बघत आम्ही त्याच्या सावलीत उभे राहायचो. मोठेपणी कळलं की पुतळ्याखाली लिहिलेल्या चार ओळींपलीकडे आम्हाला त्यांच्याबद्दल काहीच ठाऊक नाही.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही सहा मित्रांनी गावच्या शाळेत तासाभराचा कार्यक्रम केला. ५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, तिसरी बटालियन, एक सेक्शन, म्हणजे सैनिकांची छोटी तुकडी. मुलांसमोर उभं राहून त्या काळचा सैनिक काय घालायचा, काय खायचा, पाठीवर किती ओझं घेऊन चालायचा हे दाखवायचं, एवढंच. पोलिसांचे गणवेश शिवणाऱ्या ओळखीच्या शिंप्याकडून खाकी कपडे शिवून घेतले, पट्टे बाजारातून आणले. मी स्वतः घाडगे झालो होतो आणि छातीवर व्हिक्टोरिया क्रॉसची प्रतिकृती लावली होती.

कार्यक्रम संपल्यावर एक निवृत्त सुभेदार पुढे आले. सत्तरी ओलांडलेली, पाठ मात्र ताठ. त्यांनी माझ्या शर्टाची कॉलर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरली, दोनदा चोळली आणि हळूच म्हणाले, "बाळा, हे टेरिकॉट आहे. माझ्या वडिलांच्या अंगावर सुती असायचं. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळायचं नाही." बाकी काही बोलले नाहीत, पाठीवर हात ठेवला आणि गेले.

तेव्हापासून ते मनातून जात नाही. आम्ही मुलांना सांगत होतो की "सैनिक असे दिसायचे", आणि ते खरं नव्हतं. यंदा १० जुलैला पुन्हा जायचं आहे आणि या वेळी नीट करायचं आहे. कापड, शिलाई, पट्टे, बूट, सगळं. कुठून सुरुवात करू?

कोकणकडा

अतिशय चांगला उपक्रम. वाचनखूण साठवली. जाणकारांच्या प्रतिसादांच्या प्रतीक्षेत.

लेस्टरकर

माणगावकर, मी गेली अकरा वर्षं इंग्लंडमध्ये अशा गटात आहे. आमच्यात आठ जण आहेत, तिघे मराठी. सगळ्यात आधी एक सांगतो, कारण आमची पहिली दोन वर्षं याच चुकीत गेली.

"दुसऱ्या महायुद्धातला भारतीय सैनिक" असा काही गणवेश नव्हता. तारीख आणि जागा ठरवली की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. तुमच्याकडे दोन्ही आहेत ही फार मोठी गोष्ट आहे. घाडगे यांची तिसरी बटालियन १० व्या इंडियन डिव्हिजनमध्ये होती आणि ही डिव्हिजन १९४४ च्या वसंतात मध्यपूर्वेतून इटलीत आली. जुलै म्हणजे ऐन उन्हाळा. म्हणजे अंगात सुती खाकी, ज्याला फौजेत खाकी ड्रिल म्हणत.

आता याच रेजिमेंटचे दुसरे व्हिक्टोरिया क्रॉस विजेते बघा, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव. बटालियन पहिली, डिव्हिजन ८ वी, नदी सेनिओ, तारीख ९ एप्रिल १९४५. हवेत अजून गारठा, कमरेच्या वर पाणी, दोन्ही काठांना तीस फुटांहून उंच मातीचे बांध. आठव्या आर्मीची त्या दिवसांतली छायाचित्रं बघितलीत तर लोकरी सर्जचा बॅटलड्रेस, म्हणजे जाड गरम गणवेश दिसतो. रेजिमेंट तीच, देश तोच, मधे फक्त नऊ महिने. पण एकाचे कपडे दुसऱ्याच्या अंगावर चढवले तर दोन्ही चुकतात.

इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात इटलीतल्या भारतीय तुकड्यांची बरीच छायाचित्रं ऑनलाइन बघायला मिळतात. मे ते ऑगस्ट १९४४ एवढीच काढा, मोठी करून छापा आणि शिंप्याच्या मशीनसमोर भिंतीला चिकटवा. हिवाळ्यातली किंवा ब्रह्मदेशातली छायाचित्रं त्याला दाखवूच नका.

सुईदोरा

मी नाटकांची वेशभूषा करते आणि माझे वडील शिंपी होते, म्हणून कापडाबद्दल लिहिते.

पहिली परीक्षा घरीच होते. कापडाच्या कडेचा एक दोरा ओढून काढा, चिमट्यात धरा आणि काडेपेटीची काडी लावा. निव्वळ सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटाने चुरडली जाईल अशी मऊ राख उरते. पॉलिएस्टर असेल तर दोरा आखडतो, वितळतो आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. दुकानदार "प्युअर कॉटन आहे हो ताई" म्हणाला तरी काडी लावल्याशिवाय मीटरभरही फाडून घेऊ नका. आज खाकी म्हणून जे मिळतं, ते बहुतेक पोलिसांच्या आणि सुरक्षारक्षकांच्या गणवेशाचं मिश्र कापड असतं. रंगही वेगळा, जास्त गडद आणि लालसर, आणि त्याला एक चकाकी असते.

तुम्हाला हवं ते ड्रिल, म्हणजे तिरप्या विणीचं जाड सुती कापड. जवळून बघितलं की तिरक्या रेघा दिसतात. रंगीत नाही मिळालं तर इचलकरंजीहून कोरं आणा आणि रंगवून घ्या. रंग एकसारखा नाही आला तर घाबरू नका, त्या काळीही एक तागा दुसऱ्याशी जुळायचा नाही. वाळूच्या रंगापासून मोहरीसारख्या पिवळट तपकिरीपर्यंत सगळी खाकीच. सहा जणांचे सहा शर्ट सहा छटांचे असले तर ते जास्त खरं दिसेल.

आता कट. आजच्या शिंप्याचा हात आपोआप पँटची कंबर खाली घेतो आणि पाय निमुळता करतो. त्याला बजावून सांगा की कंबर बेंबीवर, मांडीला सैल, पाय रुंद. पुढे चेन नाही, बटणं. आत ओव्हरलॉक अजिबात नको. शिलाईची कड दुमडून तिच्यावर दुसरी टीप, जशी जुन्या पायजम्यांना असायची. मुलं शर्ट उलटा करून बघतातच, आणि ओव्हरलॉकची ती दोऱ्यांची जाळी दिसली की सगळं तिथेच संपतं.

शर्टाबद्दल एक महत्त्वाचं. त्या काळचे फौजी शर्ट बरेचदा कुडत्यासारखे डोक्यातून घालायचे असत, बटणपट्टी फक्त छातीपर्यंत. खालपर्यंत उघडणारा तो बुशशर्ट, तो वेगळा प्रकार. शिंप्याला नुसतं "मिलिटरी शर्ट" म्हणालात तर तो खालपर्यंत बटणं, खांद्यावर पट्ट्या आणि दोन मोठे झाकणवाले खिसे लावून देईल.

माणगावकर

सुईदोराताई, रात्रीच काडी लावून बघितली. काळा मणी. सहाही शर्ट गेले.

ते सुभेदार बोटांनी चोळून जे ओळखू शकले, ते मला आठ महिने अंगावर वागवून कळलं नव्हतं.

अॅड_सातारा

कायद्याचं एक सांगून ठेवतो, कारण हा प्रश्न कुणी ना कुणी विचारेलच. सैनिक नसताना सैनिकाचा वेश घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा ठरतं (पूर्वीचं भारतीय दंड विधान, कलम १४०), पण त्यात हेतू महत्त्वाचा आहे. लोकांनी आपल्याला खरा सैनिक समजावं म्हणून घातला तर गुन्हा. शाळेत, जाहीर करून, ऐंशी वर्षांपूर्वीचा वेश दाखवला तर तसा हेतू नसतो. तरीही दोन गोष्टी पाळा. सैन्याच्या सध्याच्या लढाऊ गणवेशाच्या छपाईचं काहीही वापरू नका. आणि लाकडी का होईना, बंदुका नेणार असाल तर स्थानिक पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा. गणवेश घालून एसटीने प्रवास करू नका, कपडे शाळेतच बदला.

पूर्वा_दे

एक प्रश्न, रागावू नका. आपल्याच माणसांनी परक्या राजाच्या नोकरीत घातलेला हा गणवेश. तो इतक्या प्रेमाने पुन्हा शिवायचा कशासाठी? मुलांना हे कसं समजावता?

माणगावकर

पूर्वाताई, प्रश्न रास्त आहे आणि गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीनेही तो विचारला होता.

मी तिला जे सांगितलं तेच लिहितो. खाकीचा जन्मच त्या राजवटीत झाला. १८४० च्या दशकाच्या अखेरीस पेशावरकडे हॅरी लम्सडेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या कोअर ऑफ गाइड्स या पलटणीला मातीच्या रंगाचे कपडे दिले, आणि खाक म्हणजे धूळ यावरून ते नाव पडलं. धुऊन न जाणारा पक्का खाकी रंग इंग्लंडमधल्या लँकशरच्या गॅटी नावाच्या रंगवाल्याने १८८४ मध्ये पेटंट केला. हा इतिहास मी लपवत नाही. पण १९४४ मध्ये त्या कपड्याच्या आत जो होता तो बावीस वर्षांचा कोकणातला मुलगा होता. सन्मानपत्रात लिहिलं आहे ते असं : त्याच्या सेक्शनवर जवळून मशीनगनचा मारा झाला, बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले, तो एकटा उरला. तो धावत गेला, हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि तिचा गोलंदाज निकामी केला, टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग आडून झालेल्या गोळीबारात छातीत आणि पाठीत गोळ्या लागून त्याच ठाण्यात तो गेला.

त्याची ओळखता येईल अशी कबर नाही. इटलीतल्या कसिनोच्या युद्धस्मारकावर नाव आहे, एवढंच. इटलीतल्या मोहिमेत दिले गेलेले वीस व्हिक्टोरिया क्रॉस, त्यांतले सहा भारतीय फौजेतल्या सैनिकांचे. २०२३ मध्ये उंब्रियातल्या मोंतोने गावाने घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. तिकडचे लोक आठवण ठेवतात. आमच्या शाळेतल्या मुलांना मात्र तो पुतळाच वाटतो, माणूस वाटत नाही. पुतळ्याच्या कपड्यांना घामाचा वास येत नाही. आम्ही उन्हात तासभर उभे राहतो तेव्हा आमच्या कपड्यांना येतो, आणि मुलं जवळ येऊन विचारतात, "काका, हे घालून ते पळायचे?" तिथून खरं बोलणं सुरू होतं.

पूर्वा_दे

पटलं. धन्यवाद. वडिलांना वाचून दाखवलं हे.

गॅझेटवाचक

माणगावकर, एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण ती कापडापेक्षा मोठी आहे असं मला वाटतं. तुम्ही छातीवर व्हिक्टोरिया क्रॉस लावला होतात. घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला, पदक त्यांच्या पत्नीला दिलं गेलं. घाडगे यांनी तो आयुष्यात एकदाही छातीवर लावला नाही, बघितलाही नाही. १० जुलैच्या सकाळी ते एक नाईक होते, बाहीवर हुद्द्याच्या दोन फिती, बस. पदक लावलेले घाडगे कुठल्याच दिवशी अस्तित्वात नव्हते.

माझं मत असं की त्यांची भूमिकाच करू नये. त्यांच्या सेक्शनमधला निनावी शिपाई व्हावं. त्याच्या तोंडून "आमचे नाईक" म्हणून त्यांची हकिगत सांगता येते, आणि आपल्या अंगावर न कमावलेलं काहीच चढत नाही.

लेस्टरकर

गॅझेटवाचक यांना पूर्ण अनुमोदन. आमच्या गटाचा लेखी नियमच आहे : नाव असलेली व्यक्ती नाही, पदकं नाहीत, पदकांच्या फितीसुद्धा नाहीत. एकदा आमच्या कार्यक्रमाला एका मराठा सैनिकाची मुलगी आली होती, नव्वदीच्या घरातली. तिने आमच्या एका मुलाला विचारलं, "तुझं नाव काय?" तो पाठ केलेलं नाव सांगणार होता, पण थांबला आणि स्वतःचं खरं नाव सांगितलं. तेव्हापासून आम्ही सगळे खरीच नावं सांगतो.

माणगावकर

दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण विचार करत होतो.

गॅझेटवाचक, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पदक काढून टाकलं. मी एक्केचाळीस वर्षांचा आहे, ते बावीसचे होते. तो चेहरा माझा असूच शकत नाही. यंदा मी निनावी शिपाईच असेन. बाहीवर दोन फिती कुणाच्याच नसतील, आणि मुलांना सांगू की सेक्शनचा नाईक आत्ता इथे नाही.

सुईदोरा

ती मोकळी जागा मुलांच्या लक्षात राहील.

वाघोलीकर

पट्ट्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. मी काटकसर म्हणून खाटेच्या नवारीचे पट्टे करून बघितले आहेत, तुम्ही करू नका. १९३७ च्या नमुन्याच्या वेबिंगचा (सैनिकाच्या जाड विणलेल्या पट्ट्यांच्या संचाचा) कमरपट्टा सव्वादोन इंच रुंद, वीण घट्ट आणि जाड, स्वतःच्या आधारावर उभा राहील इतका कडक. नवार मऊ असते. समोरच्या दोन पाकिटांत वजन टाकलं की ती पोटावर लोंबायला लागते आणि पाठीमागून पट्टा वर चढतो. रिकामी पाकिटं वर्तमानपत्र भरून फुगवली तरी लगेच कळतं. त्या पाकिटात ब्रेनगन या हलक्या मशीनगनची दोन मॅगझिनं बसायची, तेव्हा ती खाली ओढली गेलेली दिसायलाच हवीत. मी लाकडाचे ठोकळे तासून आत शिशाचा तुकडा बसवला आहे.

पितळी कड्या चकाचक घासू नका. आणि वेबिंगला ब्लँको लावायचा, म्हणजे रंगाची वडी पाण्यात कालवून ब्रशने. नवं वेबिंग कोरं, पिवळट पांढरं दिसतं. ब्लँको लावून, वाळवून, त्यावरून आठवडाभर घराच्या अंगणात चाला. त्यातली भेग आणि धूळ कुठलाच रंग देऊ शकत नाही.

सुईदोरा

वाघोलीकर, धुळीबद्दल अगदी खरं. कपडे जुने दिसावेत म्हणून लोक चहात बुडवतात, सॅंडपेपर मारतात. दोन्हींनी कापड खोटं दिसतं. चहाचा डाग सगळीकडे सारखा पसरतो, पण खरी झीज तशी नसते. ती कॉलरच्या घडीवर, खिशाच्या तोंडाला, गुडघ्यावर आणि खांद्यावर पट्टा घासतो तिथे असते. धुण्याचा सोडा टाकून धुवा, दगडावर आपटा, कडक उन्हात उलटे वाळत घाला. असं पंधरा-वीस वेळा. गावाकडे विहिरीवर धुणं करणाऱ्या बायकांना दिलंत तर त्या चार आठवड्यांत जे करतील ते आमच्या नाटकवाल्यांना कधी जमणार नाही.

बटणांचंही बघा. अंगरख्यासारख्या काही कपड्यांची बटणं शिवलेली नसायची, मागून छोट्या कडीने अडकवलेली असायची, धुण्याआधी काढून ठेवता यावीत म्हणून. धोब्याच्या दगडावर बटणं फुटत. मुलांना हे दाखवलं की फार आवडतं.

गडवाट

अवांतर होईल, पण राहवत नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत शंभर "मावळे" एकाच भगव्या सॅटिनच्या अंगरख्यात, एकाच मापाच्या फेट्यात, कमरेला एकसारखी चकचकीत तलवार. मावळ्यांना गणवेश होता कुठे? एकाच रंगाच्या, एकाच कापडाच्या कपड्यात रांगेने उभं राहणं हे आपल्याकडे कवायती फौजांबरोबर आलं. मावळा ज्या घरातून आला त्या घरचे कपडे घालून आला असणार. हा धागा वाचून वाटलं की आमच्या मंडळानेही यंदा निदान सॅटिन सोडावं, सुती आणि घोंगडी घ्यावी.

लेस्टरकर

गडवाट, जरूर घ्या. आणि वेगळा धागा काढा, तिथे सगळे येऊ.

माणगावकर, खरेदीबद्दल सावध करतो. तीन वर्षांपूर्वी मी एका इंग्लिश दुकानातून "भारतीय बनावटीचा, १९४३ च्या नमुन्याचा" बुशशर्ट ऑनलाइन मागवला. किंमत बरीच होती. हातात आला तेव्हा आत झळझळीत काळा शिक्का, बाणाचं चिन्ह आणि त्याखाली इंग्रजी आय, म्हणजे भारत सरकारच्या मालाची जुनी खूण. बघून मन हरखलं. मग कॉलर उलटी केली. मानेच्या शिवणीत अर्धवट कापलेलं आजचं "मेड इन इंडिया"चं पांढरं लेबल, आणि काजं संगणकी मशीनची, एकाही दोऱ्याचा फरक नाही. दुकानाने पैसे परत दिले नाहीत. मला दुःख पैशाचं नव्हतं. असा शर्ट आणखी दहा वर्षं धुतला की कुणी तरी अस्सल म्हणून विकणार आणि कुठल्या तरी छोट्या संग्रहालयात तो काचेमागे जाणार.

म्हणून आम्ही आमच्या प्रत्येक कपड्याच्या आत, सहज दिसेल अशा जागी, न पुसणाऱ्या शाईने शिवल्याचं साल आणि "पुनर्निर्मिती" असं लिहितो. तुम्हीही लिहा. आणि जुना शिक्का मारायचाच असेल तर अस्सल नगावर तो नेमका कुठे असतो ते बघूनच मारा, नाहीतर नको.

आमच्या क्षेत्रात दहा फुटांचा नियम म्हणतात : दहा फुटांवरून बरोबर दिसलं की पुरे. मैदानावरच्या लढाईला तो चालतो. शाळेत मुलं एक फुटावर येतात आणि हात लावतात. तुमच्यासाठी तो नियम नाही.

खडकीचा_मुलगा

माझे आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, त्यामुळे थोडी भर. हा कारखाना १८६९ चा. तिथे तयार झालेल्या पॉइंट थ्री-ओ-थ्री रायफलच्या काडतुसाच्या बुडावर केएफ ही अक्षरं आणि साल ठोकलेलं असे. तुम्ही मुलांना दाखवायला निकामी काडतुसं ठेवणार असाल तर १९४४ नंतरचं साल नको. आमच्याकडे आजोबांच्या टेबलावर १९४२ चं एक रिकामं पुंगळं होतं. पुण्यात बनलेली वस्तू टायबरच्या काठी पोचली असू शकते, हे मुलांना सांगितलं तर नकाशा जवळ येतो.

रायफल लाकडी करणार असाल तर वजन चार किलोच्या आसपास ठेवा. हलकी लाकडी बंदूक धरणारा माणूस कसा उभा राहतो ते दुरूनही कळतं. टॉमीगन त्याहूनही जड, आणि मॅगझिन भरलेलं असलं की आणखी.

माणगावकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्तापर्यंतची प्रगती लिहितो.

कापड मिळालं. काडी लावली, राख पडली. त्या दुकानदारापुढेच लावली, तो पण वाकून बघत होता. आता आमचे शिंपीकाकाच इतके पेटले आहेत की परवा त्यांनी फोन करून विचारलं, "साहेब, त्या फोटोतल्या उजवीकडच्याच्या खिशाला चुणी आहे का नुसताच पाकीट खिसा आहे?" मी म्हटलं, मोठा करून बघतो. रात्री साडेअकराला आम्ही दोघं फोनवर एका अनोळखी सैनिकाच्या खिशाकडे बघत होतो. चुणी नव्हती.

पहिला शर्ट घालून बघितला. डोक्यातून घालताना कॉलर कानाला घासते. टेरिकॉटसारखा तो अंगावरून घसरत नाही, बसतो. बाह्या गुंडाळल्या की कोपराशी जाड वळी येते, ती तशीच राहते. पण बाह्या वर ठेवायच्या की खाली हे लेस्टरकरांनी खाजगी निरोपात आणखी एका दिशेने सांगितलं. इटलीत मलेरिया मोठा होता, संध्याकाळ झाली की बाह्या खाली आणि पाय झाकलेले, असा हुकूम असे. म्हणून आमच्यातला एक जण बाह्या खाली करून उभा राहील आणि मुलांना डासांबद्दल, मेपाक्रिनच्या पिवळ्या गोळ्यांबद्दल सांगेल. शत्रू म्हणजे फक्त समोरचा जर्मन नव्हता, हेही त्यांना कळू दे.

बुटांचं एक सांगायचं राहिलं. खिळे आणि नाल ठोकलेले बूट करून घेतले. परवा शाळेत माप बघायला गेलो, ऑफिसच्या टाइल्सवर पहिल्याच पावलाला आमचा एक जण सपशेल आडवा झाला. कोपर सुजलं आहे, बाकी ठीक. आता मैदानातच उभं राहू. पण दगडी पायरीवर त्या बुटांचा जो आवाज झाला, त्याने शेजारच्या वर्गातली मुलं आपोआप उभी राहिली. त्या आवाजासाठी बूट ठेवणारच.

सुईदोरा

कोपराला बर्फ लावा आणि त्यांना सांगा, पुढच्या वेळी टाच आधी टेकवू नका, पूर्ण तळवा टेकवा. नाटकात नाल ठोकलेले बूट घालणाऱ्यांना आम्ही हेच शिकवतो.

गॅझेटवाचक

हेल्मेटवर जाळी आणि जाळीत गोणपाटाच्या चिंध्या, हे विसरू नका. आणि टोपीचा बिल्ला हेल्मेटवर लावू नका, आजच्या रेजिमेंटचा तर नकोच. अधिकाऱ्याचं काही दाखवणार असाल तर मेजरच्या खांद्यावर तेव्हा मुकुट होता, अशोकस्तंभ नंतर आला. बाजारातले बिल्ले सगळे नंतरचे असतात.

माणगावकर

लक्षात ठेवलं. अधिकारी कुणीच नाही आमच्यात, सहाही जण शिपाई.

काल ते सुभेदार भेटले. मी मुद्दाम शर्ट पिशवीत घालून नेला होता. त्यांनी तो बाहेर काढला, कॉलर तशीच चिमटीत धरून चोळली, मग नाकाजवळ नेली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आतलं "पुनर्निर्मिती" वाचलं आणि विचारलं, "हे कशाला लिहिलं?" मी सांगितलं, उद्या कुणी खोटं सांगून विकू नये म्हणून. मान हलवली. म्हणाले, १० जुलैला मी येतो, वडिलांच्या पेटीत पितळेचा पाणी प्यायचा गडू आहे, तो मुलांना दाखवायला आणतो, पण माझ्याच हातात राहील. मी म्हटलं, तुमच्याच हातात राहू दे.

आता एकच अडलं आहे. घोट्याला कॅनव्हासची अँकलेट की आखूड पट्ट्या? छायाचित्रांत दोन्ही दिसतात, कधी एकाच रांगेत दोन्ही. १० व्या डिव्हिजनच्या मराठ्यांचं, जून-जुलै १९४४ चं, पाय स्पष्ट दिसणारं छायाचित्र कुणाला सापडलं तर इथे टाका. शिंपीकाका रविवारपर्यंत थांबायला तयार आहेत.